कचऱ्याची आगगाडी

आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली, की पहिल्या आठवड्यातच तिचं इथल्या कचऱ्याशी वाजतं. ओल्याचा डबा कुठाय, निर्माल्य कशात टाकायचं, घंटागाडी रोज का येत नाही. यंदा तिनं सरळ विचारलं, "हे सगळं शेवटी जातं कुठे?"

आम्ही राहतो मेरिलँड राज्यातल्या माँटगोमेरी काउंटीत, जर्मनटाउनला. घरामागून जरा लांबून रेल्वेची लाइन जाते. मी खिडकीकडे बोट दाखवून म्हटलं, "त्या रुळांवरून जातं. मालगाडीनं. पुढे जाळून त्याची वीज करतात."

"म्हणजे जाळतातच ना? मग आमच्याकडे देवनारला आग लागली तेव्हा एवढी ओरड कशाला केली?"

प्रश्न खोचक आहे आणि बरोबरही. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या कचरा डेपोला आग लागली, तेव्हा तिचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला होता. इथेही कचरा पेटवतात, तोही रोज, आणि काउंटी त्याला 'रिसोर्स रिकव्हरी' असं भारदस्त नाव देते. फरक काय, हे तिला समजावता समजावता माझ्याच लक्षात आलं की यात भट्टीपेक्षा वहीखातं जास्त आहे.

आधी काउंटी म्हणजे काय ते. भाषांतर करताना आपण 'जिल्हा' म्हणून मोकळे होतो, पण कारभार निराळा. आपल्याकडे जिल्हाधिकारी सरकार नेमतं. आमच्या काउंटीचा प्रमुख, काउंटी एक्झिक्युटिव्ह, लोक मतं देऊन निवडतात. सोबत अकरा जणांची काउंटी कौन्सिल. दहा लाखांवर लोकवस्तीच्या या भागात बऱ्याच ठिकाणी नगरपालिकाच नाही, त्यामुळे शाळा, पोलिस, ग्रंथालयं, रस्त्यावरचा बर्फ आणि कचरा हे सगळं काउंटीच्या गळ्यात. जिल्हा परिषद, महापालिका आणि कलेक्टर कचेरी एकत्र कालवली तर जे होईल ते. देशात अशा तीन हजारांहून जास्त काउंट्या आहेत आणि प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. लुइझियानात त्यांना पॅरिश म्हणतात, तर कनेक्टिकटमध्ये काउंटीचं सरकारच उरलेलं नाही.

आमच्याकडे जुलैत घरपट्टीचं बिल येतं. त्यात शाळा-रस्त्यांच्या ओळींखाली कचऱ्याच्या आकाराची वेगळी ओळ असते. आईला तीच दाखवली. 'म्हणजे कचरा नेतात ते फुकट नाही,' एवढं तिला पटलं.

खड्डे संपले तेव्हा

कचऱ्याचं मूळ उत्तर जगभर एकच होतं, खड्डा. माँटगोमेरी काउंटीनं १९६४ ते १९८२ रॉकव्हिलजवळच्या ग्यूड लँडफिलमध्ये कचरा पुरला. तो भरला, मग लेटन्सव्हिलजवळ ओक्स लँडफिल उघडला. तो १९९७ मध्ये बंद झाला. प्रत्येक वेळी नवा खड्डा कुठे खणायचा यावरून गावोगाव भांडणं. उरुळी-फुरसुंगीचं आंदोलन ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. कचरा सगळ्यांचा असतो, डेपो मात्र कुणालाच नको असतो.

त्याच सुमाराला देशात आणखी दोन गोष्टी घडल्या होत्या. १९७३ च्या तेलसंकटानं ऊर्जेची धास्ती बसवली, आणि १९७८ च्या एका केंद्रीय कायद्यानं वीज कंपन्यांना छोट्या, अपारंपरिक उत्पादकांची वीज विकत घ्यायला भाग पाडलं. कचऱ्यावर चालणारं केंद्रही त्यात बसत होतं. खड्डे कमी होताहेत, विजेला गिऱ्हाईक कायद्यानं बांधलेलं आहे, कर्जरोखे काढून पैसा उभा करता येतो. ऐंशीच्या दशकात काउंट्यांनी धडाधड अशी केंद्रं बांधायला घेतली. आमचं त्यातलं उशिराचं, १९९५ साली सुरू झालेलं.

ते आहे डिकरसन गावाजवळ, पोटोमॅक नदीच्या काठी. गंमत म्हणजे हा भाग काउंटीनं १९८० मध्ये शेतीसाठी राखून ठेवलेल्या ९३ हजार एकरांच्या पट्ट्यात येतो. आजूबाजूला मका, घोडे, गवताचे भारे, आणि मध्ये धुरांडं. तिथे आधीपासून एक कोळशाचं वीजकेंद्र होतं, म्हणून जागा सोयीची पडली. कोळशाचं केंद्र २०२० मध्ये थंडावलं, कचऱ्याचं मात्र चालू राहिलं.

खड्डा, पंजा, जाळी

आता कचऱ्याबरोबर प्रवास करू. आमच्या दारातून ट्रक डबा उचलतो आणि डरवुडच्या ट्रान्सफर स्टेशनला नेतो. तिथे वजनकाट्यावर ट्रक उभा राहतो, आत जाऊन मोठ्या फरशीवर पोट रिकामं करतो. यंत्रं तो कचरा दाबून पोलादी कंटेनरमध्ये ठासतात आणि कंटेनर मालगाडीवर चढतात. डिकरसन तिथून सुमारे १८ मैल, म्हणजे २९ किलोमीटर. त्याच रुळांवरून सकाळी वॉशिंग्टनला कामाला जाणाऱ्यांची लोकल धावते. शेकडो ट्रक गावातल्या रस्त्यांवरून जाऊ नयेत म्हणून ही रेल्वेची सोय. लहानपणी आपण 'झुकझुक आगीनगाडी' म्हणायचो. ही अगदी शब्दशः आगीकडे जाणारी गाडी.

केंद्रावर कंटेनर रिकामे होतात ते एका अवाढव्य काँक्रीटच्या खड्ड्यात. वर काचेच्या खोलीत क्रेनचालक बसलेला असतो. त्याच्या हातात पोलादी पंजा. लोकांना वाटतं त्याचं काम कचरा उचलून भट्टीत टाकणं. त्याचं खरं काम कालवण्याचं. एका ट्रकमध्ये ओला पालापाचोळा असेल, दुसऱ्यात नुसता थर्माकोल. एकामागोमाग एक टाकले तर भट्टी कधी विझायला येईल, कधी भडकेल. म्हणून तो पंजानं उचलतो, उंचावरून सोडतो, परत उचलतो. भेळवाला पातेल्यात हलवतो तसं. अशा केंद्रात भट्टीचा स्वभाव निम्मा या माणसाच्या हातात असतो.

दुसरी एक युक्ती मला फार आवडते. भट्टीला लागणारी हवा ते बाहेरून न घेता या खड्ड्याच्या खोलीतून ओढतात. त्यामुळे खोलीतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी राहतो, दार उघडलं तरी वारा आत येतो, वास बाहेर जात नाही. वास भट्टीत जळून जातो. कचऱ्याची दुर्गंधी कचऱ्यालाच पेटवायला वापरायची!

भट्टीत तिरकी, हलणारी लोखंडी जाळी असते. कचरा तिच्यावरून खाली सरकत जातो. वरच्या टोकाला वाळतो, मधे पेटतो, खाली राख होऊन पडतो. खालून हवा. वर तापमान हजार अंश सेल्सिअसच्या आसपास. भट्टीच्या भिंतीच मुळी पाण्याच्या नळ्यांच्या असतात. पाण्याची वाफ, वाफेवर टर्बाइन, टर्बाइनवर जनित्र. इथून पुढे परळी किंवा कोराडीच्या केंद्रापेक्षा वेगळं काही नाही.

फक्त एक उणेपण आहे. कचऱ्यात प्लॅस्टिक आणि मीठ असतं, त्यातल्या क्लोरीनमुळे तापलेल्या नळ्या गंजतात. म्हणून वाफ कोळशाच्या केंद्राइतकी तापवता येत नाही. वाफ कमी तापलेली, की वीजही कमी. कोळशाचं केंद्र उष्णतेचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त विजेत आणतं. इथे पाचवा ते चौथा हिस्सा हाती लागला तरी ठीक मानतात.

एका टनाचा हिशेब

हा हिशेब मी आईसमोर पाकिटाच्या मागे केला, तसाच देते. अमेरिकेतला टन २,००० पौंडांचा, म्हणजे ९०७ किलो. इथल्या कचऱ्याचा एक किलो जळला की ढोबळमानानं २,६०० किलोकॅलरी उष्णता देतो. म्हणजे टनाला साडेतेवीस लाख. एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी. भागाकार केला की उष्णता सुमारे २,७४० युनिटांची. त्यातला पाचवा हिस्सा विजेत आला, तर ५५० युनिटं.

"साडेपाचशे? पुण्यात आमचं चार महिन्यांचं भागेल!" आई.

भागेल. पण इथल्या घराला महिन्याला नऊशेच्या आसपास युनिटं लागतात, म्हणजे अठरा-एकोणीस दिवस. आणि एक टन कचरा जमायला किती दिवस लागतात? सरकारी आकडा सांगतो की २०१८ साली माणशी रोज ४.९ पौंड कचरा निघत होता, दुकानं-कचेऱ्यांसकट. चौघांच्या घराच्या वाट्याला रोज नऊ किलो धरले तरी टन भरायला शंभर दिवस. त्यातला कागद, काच, धातू पुनर्वापराला गेला तर आणखी जास्त. शंभर दिवस कचरा करायचा आणि एकोणीस दिवसांची वीज मिळवायची.

म्हणूनच 'कचऱ्यातून वीज' या मथळ्यानं फसायला होतं. हे वीजकेंद्र नाही. ही कचरा संपवण्याची व्यवस्था आहे, आणि वीज हे तिचं ताक. लोणी दुसरीकडे आहे. ते म्हणजे कचऱ्याचं आकारमान ८५-९० टक्क्यांनी घटतं. वजन तेवढं घटत नाही, पाव हिस्सा राख म्हणून उरतोच. पण खड्डा जिथे दहा वर्षांत भरला असता तिथे तो कितीतरी पटींनी जास्त पुरतो. काउंटी पैसे मोजते ते या जागेसाठी.

पैशाचं गणितही कोळशाच्या उलट आहे. कोळशाच्या केंद्राला इंधन विकत घ्यावं लागतं. इथे इंधन घेऊन येणाराच वजनकाट्यावर पैसे मोजतो. त्याला टिपिंग फी म्हणतात, टनामागे ठरलेली. केंद्राच्या मिळकतीचा मोठा भाग यातून येतो, बाकीचा विजेतून आणि राखेतून काढलेल्या भंगारातून. वीज स्वस्त झाली, की टिपिंग फी वाढते, आणि ती फिरून घरपट्टीच्या त्या ओळीत उतरते.

देवनार आणि डिकरसन

आता आईच्या मूळ प्रश्नाकडे. डेपोची आग ही पेटलेली कमी आणि धुमसणारी जास्त असते. आत हवा नाही, तापमान कमी, त्यात प्लॅस्टिक. अर्धवट जळण्यातूनच सगळ्यात वाईट विषं तयार होतात, त्यातलं बदनाम म्हणजे डायॉक्झिन. भट्टीत भरपूर हवा, हजार अंशांची झळ आणि धुराला तिथे पुरेसा वेळ मिळतो, त्यामुळे ही विषं बरीचशी मोडतात. धूर थंड होताना साधारण ४५० ते २०० अंशांच्या दरम्यान डायॉक्झिन पुन्हा जुळू शकतं, म्हणून तो टप्पा झटपट पार करावा लागतो.

मग धुराची धुलाई. नायट्रोजनच्या ऑक्साइडांसाठी अमोनिया किंवा युरियाचा फवारा. आम्लासाठी चुना. पारा आणि डायॉक्झिन पकडायला कोळशाची खास पूड. शेवटी हजारो लांब कापडी पिशव्यांतून धूर गाळून काढतात. व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी असते तशाच, फक्त दोन माणसांच्या उंचीहून लांब.

हे सगळं सुरुवातीपासून नव्हतं, आणि चांगुलपणानं तर आलंच नाही. ऐंशीच्या दशकातली केंद्रं बेसुमार विष ओकत होती. १९९० मध्ये हवेचा केंद्रीय कायदा कडक झाला, १९९५ मध्ये कचरा जाळणाऱ्यांसाठी वेगळी मानकं आली. १९९० ते २००५ या काळात अशा केंद्रांमधून निघणारं डायॉक्झिन ९९ टक्क्यांहून जास्त घटलं. गाळण्या बसवणं ज्यांना परवडलं नाही ती बंद पडली. तरी नायट्रोजनची ऑक्साइडं, बारीक कण, पारा पूर्ण शून्य होत नाहीत, आणि धुरांड्याच्या वाऱ्याखाली राहणाऱ्याला '९९ टक्के' हा शब्द दुसऱ्या कानानं ऐकू येतो.

उरते राख. तिच्यातून चुंबकानं लोखंड काढतात, ते भंगारात जातं. जाळीवरची जाड राख आणि गाळणीतली बारीक राख वेगळ्या स्वभावाच्या. बारीक राखेत शिसं, कॅडमियम यांसारखे जड धातू एकवटलेले असतात. 'कचरा साधा होता म्हणून राखही साधी' हा युक्तिवाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९४ मध्ये मोडीत काढला. राख घातक निघाली तर तिला घातक मालाचेच नियम. आमची राख परत गाडीनं व्हर्जिनिया राज्यात जाते. "आम्ही राखेनं भांडी घासायचो," आई म्हणाली. या राखेनं नको.

भट्टीची भूक

इथवर तंत्र. काउंटीच्या बातम्यांत खरी रंगत पुढे आहे.

अशी भट्टी कर्जानं बांधतात, वीस-पंचवीस वर्षं फेडायचं. भट्टी अर्धपोटी ठेवून चालत नाही, हप्ता तर पूर्णच लागतो. म्हणून करारात लिहिलेलं असतं की काउंटी वर्षाला अमुक इतका कचरा देईल, नाही दिला तरी पैसे देईल. आता समजा लोक शहाणे झाले, कचरा कमी झाला. किंवा खासगी ठेकेदारानं पाहिलं की शेजारच्या राज्यातला खड्डा स्वस्त आहे. मग?

न्यूयॉर्क राज्यातल्या क्लार्क्सटाउन गावानं असंच एक ट्रान्सफर स्टेशन खासगी ठेकेदाराकडून बांधून घेतलं. वर्षाला १ लाख २० हजार टनांची हमी दिली, टनाला ८१ डॉलर फी ठेवली, आणि गावातला सगळा कचरा इथेच आणायचा असा कायदा केला. १९९१ मध्ये एक ट्रक महामार्गावरच्या पुलाला धडकला. पोलिसांनी पाहिलं तर आत घरगुती कचऱ्याचे गठ्ठे, निघालेले इंडियानाच्या खड्ड्याकडे! एक स्थानिक व्यापारी गपचूप स्वस्त बाजारात माल पाठवत होता. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९९४ मध्ये न्यायालयानं व्यापाऱ्याच्या बाजूनं कौल दिला. कचरा हा व्यापाराचा माल आहे, राज्याबाहेर जायला तो मोकळा आहे, गाव त्याला अडवू शकत नाही. देशभरातल्या काउंट्यांच्या पोटात गोळा आला. हमी दिलेली, कर्ज काढलेलं, आणि कचरा पळून जायला मोकळा. तेरा वर्षांनी, २००७ मध्ये, न्यायालयानं थोडी वाट करून दिली: केंद्र सरकारी मालकीचं असेल, तर काउंटी तसा नियम करू शकते. तो खटला न्यूयॉर्कमधल्याच ओनायडा आणि हर्किमर काउंट्यांचा. तेव्हापासून 'मालक कोण' हा प्रश्न नुसता तात्त्विक राहिला नाही.

गणित किती चुकू शकतं याचं उदाहरण आमच्या उत्तरेला, पेनसिल्व्हेनियाची राजधानी हॅरिसबर्ग. तिथली भट्टी १९७२ ची. ती नीट चालत नाही म्हणून दुरुस्तीला कर्ज, मग ते कर्ज फेडायला कर्ज. जेमतेम पन्नास हजार वस्तीच्या गावाच्या डोक्यावर तीस कोटी डॉलरांहून जास्त बोजा झाला. कर्जाला जामीन राहिलेली डॉफिन काउंटीही त्यात ओढली गेली. २०११ मध्ये नगर परिषदेनं दिवाळखोरीचा अर्ज केला. तो फेटाळला गेला आणि राज्यानं प्रशासक बसवला. शेवटी २०१३ मध्ये ती भट्टी विकत घेतली शेजारच्या लँकेस्टर काउंटीच्या कचरा प्राधिकरणानं. हे लोक १९९१ पासून स्वतःची भट्टी शांतपणे चालवत होते. तंत्र तेच, कचरा तसाच. एक गाव बुडालं आणि शेजाऱ्यानं तीच भट्टी विकत घेतली. या व्यवहाराबद्दल काही शिकायचं असेल तर मी धुरांडं बघण्याआधी करार मागेन.

फ्लोरिडात दोन शेजारच्या टोकांची कथा आहे. पाम बीच काउंटीनं २०१५ मध्ये ६७ कोटी २० लाख डॉलर खर्चून दिवसाला ३,००० टन जाळणारं नवं केंद्र सुरू केलं. देशात सुमारे वीस वर्षांनी बांधलेलं असं पहिलं. तिथे छपरावरचं पावसाचं पाणीसुद्धा वापरात घेतात. त्याच किनाऱ्यावर थोडं दक्षिणेला मायामी-डेड काउंटीचं १९८२ चं केंद्र १२ फेब्रुवारी २०२३ ला पेटलं. कचरा वाहणाऱ्या पट्ट्यापासून सुरू झालेली आग जवळजवळ तीन आठवडे विझली नाही. भट्टीत आग नीट वागते, भट्टीबाहेर सुटली की तिचं देवनारच होतं. ते केंद्र बांधलं तेव्हा आजूबाजूला फारशी वस्ती नव्हती, मग डोराल हे गाव वाढलं, २००३ मध्ये त्याची स्वतंत्र नगरपालिका झाली, आणि वासानं वैतागलेले लोक म्हणायला लागले हे इथून हलवा. नवं केंद्र कुठे बांधायचं यावर ज्या जागेचं नाव निघालं तिथले शेजारी उभे राहिले. तोवर कचरा ट्रकनं आणि रेल्वेनं लांबच्या खड्ड्यांकडे.

हिरवी की काळी

ही वीज 'अक्षय ऊर्जा' म्हणायची का, यावर आमच्या राज्याचंच मत दोनदा बदललं. २०११ मध्ये मेरिलँडनं कचऱ्याच्या विजेला पवन आणि सौर ऊर्जेच्या पंगतीत बसवलं, त्यामुळे तिला अनुदानासारखा फायदा मिळू लागला. २०२५ मध्ये विधिमंडळानं तिला पंगतीतून उठवलं. दोन्ही बाजूंना आधार आहे. कचऱ्यातला कागद, लाकूड, अन्न हे झाडापासून आलेलं, प्लॅस्टिक मात्र खनिज तेलापासून. आणि उष्णता जास्त देतं ते प्लॅस्टिक. देशाच्या आकडेवारीत जळणाऱ्या कचऱ्याचा वजनानं जास्त भाग जैविक असतो, पण विजेतला त्याचा वाटा निम्म्याहून कमी. म्हणजे निम्मी हिरवी, निम्मी पेट्रोलची.

पण न जाळता पुरलं तर काय? खड्ड्यात हवेविना कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन निघतो, शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापदायक. काही काउंट्या तोच वायू नळ्या खुपसून ओढतात आणि जाळून वीज करतात. लॉस एंजेलिस काउंटीचा पुएंते हिल्स लँडफिल २०१३ मध्ये बंद झाला, तरी त्याच्या पोटातून वायू निघत राहिला. खड्ड्यातला सगळा वायू मात्र कुणालाच पकडता येत नाही.

तिसरी वाट आमच्या स्वयंपाकघरातच आहे. इथे सिंकखाली एक चक्की असते, खरकटं दळून गटारात सोडणारी. आईला ती मुळीच पटत नाही. पण आमच्या काउंटीच्या सांडपाण्याचा मोठा हिस्सा वॉशिंग्टनच्या ब्लू प्लेन्स शुद्धीकरण केंद्रात जातो, आणि तिथे २०१५ पासून गाळ शिजवून, कुजवून, त्याच्या वायूवर वीज करतात. ताटातलं शीत असं वळसा घालून दिव्यात येतं. गोबर गॅसच तो, फक्त कोटबूट घातलेला.

आपल्याकडे याच वाटेचा विचार जास्त व्हायला हवा, असं माझं मत. कारण ओलं सरपण. चूल पेटवलेल्या कुणालाही ठाऊक आहे की ओली लाकडं आधी स्वतःचं पाणी उकळवत बसतात. एक किलो पाण्याची वाफ करायला ५४० किलोकॅलरी जातात. अमेरिकेच्या कचऱ्यात पाणी पाव हिस्सा, आपल्याकडे निम्म्याच्या आसपास, शिवाय रस्ता झाडलेली माती. कागद, पुठ्ठा, चांगलं प्लॅस्टिक कचरावेचक बायांनी आधीच उचललेलं असतं, म्हणजे जळण्यासारखं जे काही ते गेलेलं. आपल्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी किलोला १,५०० किलोकॅलरींची रेषा आखली: पुनर्वापर न होणारा आणि त्याहून जास्त उष्णता देणारा कचरा खड्ड्यात न टाकता ऊर्जेसाठी वापरायचा. त्या रेषेपाशी पोहोचायलाच ओलं-सुकं वेगळं करावं लागतं. मोशीला पिंपरी-चिंचवड महापालिकेचा १४ मेगावॉटचा प्रकल्प २०२३ मध्ये सुरू झाला, तिथेही सुका भाग निवडून मगच भट्टीत जातो. गोव्यात साळगावला २०१६ पासून ओल्या कचऱ्याचा वायू करतात. घंटागाडीवाल्या ताईंनी दारात उभं राहून "ओला वेगळा द्या" म्हणणं हाच तिथे इंधनाचा कारखाना.

इथे मात्र वाद वेगळाच चालू आहे. मार्क एलरिच २०१८ साली काउंटी एक्झिक्युटिव्ह म्हणून निवडून आले ते डिकरसनची भट्टी बंद करू असं सांगून. २०२१ मध्ये तिचा करार उलट पाच वर्षांनी वाढला. मला यात नुसता लबाडीचा वास येत नाही. भट्टीची क्षमता दिवसाला १,८०० टन. उद्या ती बंद केली, एका मोठ्या ट्रेलरमध्ये वीसेक टन मावतात असं धरलं, तर रोजचे नव्वद ट्रेलर, कुठल्या तरी लांबच्या काउंटीकडे निघालेले, जिथे आम्हाला मत नाही आणि तिथल्या लोकांना आमचा कचरा नको. काउंटीनं डिकरसनलाच स्वतःच्या लँडफिलसाठी जमीन घेऊन ठेवली आहे, ती तशीच पडून आहे. तिथे खणू म्हणायची हिंमत कुणात नाही. अन्नाचा कचरा बाजूला काढून त्याचं खत किंवा वायू करायचा, हे सगळ्यांना मान्य. पण त्यानं भट्टीची गरज किती कमी होते आणि किती वर्षांत, यावर सुनावण्या रंगतात. सुनावणीला कुणीही जाऊन काही मिनिटं बोलू शकतं. बरेच जण लिहून आणलेला कागद वाचतात आणि वेळ संपल्याची घंटा वाजली तरी वाचतच राहतात.

गेल्या शनिवारी आईला डरवुडच्या ट्रान्सफर स्टेशनवर घेऊन गेले. जुना टोस्टर, रंगाचे अर्धे डबे आणि एक फुगलेली फोनची बॅटरी होती. रंगाला वेगळी जागा, विजेच्या वस्तूंना वेगळी, पुठ्ठ्याला वेगळी. बॅटरी घेणाऱ्या माणसानं ती आमच्या हातातून अशी घेतली, जणू अंडंच. लिथियमची बॅटरी कचऱ्याच्या ट्रकमध्ये चेपली गेली की पेट घेते. ट्रक, फरशी, खड्डा, कुठेही. पलीकडे रुळांवर कंटेनर उभे होते.

घरी आल्यावर आईनं तिच्या लाडवांचा रिकामा डबा धुऊन चपलांच्या कपाटावर ठेवला. रिमोटचे सेल, घड्याळाची बटणं, नातवाच्या खेळण्यातली बॅटरी, सगळं त्यात. ओल्याच्या डब्याचं काय करायचं, ते अजून ठरायचंय.